सावलीपट्टी

करांच्या इतिहासात माणसाने फारशा गोष्टी सोडलेल्या नाहीत. खिडक्यांवर कर बसला तेव्हा लोकांनी खिडक्या विटांनी बुजवल्या आणि अंधारात राहून बचत केली. चुलींवर बसला तेव्हा चुली लपवल्या. दाढीवर बसला तेव्हा ज्यांना परवडत होते त्यांनी दाढी राखली आणि बाकीच्यांनी ती रुचत नसल्याचे जाहीर केले. त्या मानाने या शहराची सावलीपट्टी सौम्य होती आणि आरंभी तर न्याय्यही होती. छप्पर कशाला म्हणावे यावरून पूर्वी इतके खटले चालले की एका कंटाळलेल्या नगरपालिकेने ठरवून टाकले: सूर्य माथ्यावर असताना ज्याच्या आच्छादनाची जेवढी सावली जमिनीवर पडेल, तेवढ्यावर त्याने पट्टी भरावी. मोठ्या छपराची सावली मोठी, त्यामुळे पट्टीही मोठी. सूर्याला लाच देता येत नाही, असे त्या ठरावाच्या प्रस्तावनेत म्हटले होते.

सूर्याला लाच देता येत नसली तरी ताडपत्रीला दोरी बांधता येते. कारागिरांच्या एका अरुंद गल्लीने हा शोध लावला त्याला पिढ्या लोटल्या होत्या. गल्लीत कुलपे दुरुस्त करणारा होता, ज्याला सगळे वस्तरा म्हणत तो केस कापणारा होता, खुर्च्या विणणारे होते, आणि मधोमध कवळीताईचे दुकान होते. ताई म्हाताऱ्यांना दात करून देई. ही विद्या तिला सासूकडून मिळाली होती आणि दुकानही. माडीवरच्या खोलीत ती राहत असे, खाली तिचे मेणाचे गोळे, प्लास्टरचे जबडे आणि डब्यांतून आकारांप्रमाणे लावलेले दात असत. प्रत्येक दुकानापुढे एक ताडपत्री होती आणि दाराशी, हात सहज पोचेल अशी, तिची दोरी. दोरी ओढली की ताडपत्री सर्रकन वर गुंडाळली जाई.

ही दोरी ओढण्याची खूण म्हणजे मोजणीदाराचा खोकला. नगरपालिकेचा मोजणीदार फीत घेऊन गल्लीच्या तोंडाशी आला की क्षणभर थांबे, भिंतीकडे तोंड करून खोके, आणि मग अत्यंत प्रामाणिकपणे उरलेली सावली मोजे. त्याच्या आधीचा मोजणीदारही खोकत असे, आणि त्याच्या आधीचाही. आताचा मोजणीदार ताईचा सख्खा थोरला भाऊ होता, पण भावाच्या नात्यामुळे खोकल्यात काही भर पडली होती असे नाही. त्याने तो पदाबरोबर स्वीकारला होता, तसा फितीचा गंजलेला डबाही.

पिढ्यांची सवय डोक्याला विचारून चालत नाही. एका हिवाळ्यात मोजणीदाराला खरोखरची सर्दी झाली, आणि तो बहिणीकडे नुसता चहाला आला होता तरी गल्ली दिवसभर ताडपत्र्या वरखाली करीत राहिली.

"मोजणीदार, एक तर औषध घ्या नाहीतर राजीनामा द्या," वस्तरा ओरडला. "दोरीनं माझ्या हाताची सालं निघाली. या हातानं मी लोकांच्या मानेशी खेळतो!"

ताईची कथा तर गल्लीत आवडीने सांगितली जाई. एका गिऱ्हाइकाच्या तोंडात मापाचे प्लास्टर घातलेले असताना त्याला ठसका लागला. ताई तडक उठून दाराशी गेली, दोरी ओढली, आणि कोण मोजायला येते ते पाहत उभी राहिली. परत येईपर्यंत प्लास्टर घट्ट झाले होते.

"मग काढलंत कसं?" लोक विचारत.

"छिन्नीनं," ताई सांगे. "पण माप इतकं छान आलं की मेल्यानं पैसे जास्त दिले."

गल्लीच्या समोर, पूर्वी जेथे सार्वजनिक बाग होती तेथे, कंपनीची इमारत उभी राहिली. कंपनी काय बनवते हे कोणालाच नीट सांगता येत नसे. इतर कंपन्यांची मालक असणे हाच तिचा व्यवसाय होता. इमारत भिंतींपासून छपरापर्यंत काचेची होती. मोजणीदार नियमाप्रमाणे भर दुपारी आत गेला, तेव्हा थेट जमिनीपर्यंत ऊन आले होते. जेथे ऊन तेथे सावली नाही. त्याने शून्य लिहिले, आणि ते शून्य बरोबर आहे की नाही यावर नगरपालिकेत चर्चा झाली. गल्लीचे नगरसेवक त्या सभेत उत्तम बोलले. काच म्हणजे आच्छादन नव्हे, पारदर्शकता होय, असे ते म्हणाले. पारदर्शकतेवर कर लावणारी नगरपालिका म्हणून इतिहासात जाण्याची सभागृहाची इच्छा आहे काय? सभागृहाची तशी इच्छा नव्हती. शहराच्या सर्वांत मोठ्या इमारतीचे शून्य मग कोणीतरी भरून काढायचे होते, म्हणून इतरांच्या पट्टीचा दर वाढला. गल्लीतल्या ताडपत्र्या थोड्या अधिक चपळाईने गुंडाळल्या जाऊ लागल्या.

त्याखेरीज गल्लीत आता दुसरा सूर्य उगवू लागला. दुपार कलली की सबंध काच तापून पेटल्यासारखी होई आणि तिची झळ ताडपत्रीखालून, तिरपी, दुकानांत शिरे. कुलपांना हात लावता येईना. ताईने नगरसेवकांच्या नव्या कवळीचे दात मेणात लावून ते वाळत ठेवले होते. ती माडीवर जाऊन आली तेवढ्यात वरच्या ओळीतले दात घसरून एकमेकांच्या अंगावर पडले होते.

"अर्रर्र," नगरसेवक आपले भावी हास्य न्याहाळीत म्हणाले. दात नसल्याने त्यांच्या शब्दांतून वारा जात असे. "हा मी दिसतोय की माझे सासरे?"

"काका, ही काच तुम्हीच पास केलीत."

"काच चांगली आहे गं. ऊन वाईट आहे. उन्हाचं बघू काहीतरी."

उन्हाचे काहीतरी बघायला कंपनीने स्वतःहून माणूस पाठवला. ती एक तरुण मुलगी होती. तिच्या हुद्द्याचे नाव सद्भाव अधिकारी होते आणि ती सर्वांना लगेच नात्याने हाक मारू लागली. दुकानादुकानातून हिंडून तिने वितळलेले मेण पाहिले, तापलेल्या कुलपाला बोट लावून हाय म्हटले, आणि हळहळली. तिची हळहळ खोटी नव्हती, हे येथे मुद्दाम नोंदवले पाहिजे. कंपनी आपल्या खर्चाने गल्लीवर, या टोकापासून त्या टोकापर्यंत, पांढरे शीड ताणून देणार होती, जहाजाला असते तसे.

"फुकट?" वस्तऱ्याने विचारले. "फुकट देताय म्हणजे विकताय काय? आमची मुंडकी?"

"दादा, किती संशय हो तुम्हाला!" ती मनापासून हसली. "वरून तुमची गल्ली इतकी गोड दिसते, माहीत आहे? मी रोज जेवताना बघते. कधीकधी सगळ्या ताडपत्र्या एकदम मिटतात, लाजाळूच्या पानांसारख्या. मला वाटलं, या लोकांसाठी काहीतरी करायला हवं."

ताईच्या हातातला चिमटा थांबला. पण मुलगी पुढच्या दुकानात गेली होती, आणि मेण तोपर्यंत पुन्हा मऊ पडू लागले होते.

शीड आले. त्याची सावली गार, शांत आणि सर्वांना सारखी होती. कामे होऊ लागली, दात जागेवर राहू लागले, आणि दुसरा सूर्य शिडाच्या बाहेर ताटकळत राहिला. त्याच सुमारास नगरपालिकेने सावली मोजण्याचे काम कंत्राटाने देऊन टाकले. कंत्राटदार संस्था नवी होती. तिची मालक कोण हे विचारण्याइतके कुतूहल कोणापाशी नव्हते, कारण उत्तर सगळ्यांनाच समोर दिसत होते. जुन्या मोजणीदारांपैकी ताईच्या भावाला तेवढे ठेवून घेतले.

"अनुभवाची कदर आहे त्या लोकांना," तो ताईला म्हणाला. त्याच्या खांद्यावर नवी, चकचकीत फीत होती. "ती पोरगी म्हणाली, काका, तुमची पद्धत अजिबात बदलू नका. पहिला पगारही वाढवून दिला."

"आणि मोजायचं काय? सगळीकडे तर शिडाचीच सावली आहे."

"ते वरचे बघतील. मी आपला फीत धरतो."

मोजणीच्या दुपारी तो गल्लीच्या तोंडाशी थांबला, भिंतीकडे वळला आणि खोकला. शिडाखाली ताडपत्री उघडी असो वा मिटलेली, जमिनीवर फरक पडत नव्हता. गुंडाळण्याचे काही कारण नव्हते. तरीही साऱ्या ताडपत्र्या सर्रकन वर गेल्या. भाऊ दारोदार फिरला, त्याच्यामागून येणाऱ्या माणसाने प्रत्येक दुकानाचे छायाचित्र घेतले, आणि गल्लीने नेहमीसारखा सुटकेचा श्वास टाकला.

मागणीपत्रे आली तेव्हा वस्तऱ्याने आपले मोठ्याने वाचायला घेतले आणि मध्येच आवाज गेल्यासारखा थांबला. नगरपालिकेने नवा ठराव केला होता. ज्या दुकानाचे स्वतःचे आच्छादन उघडे आढळेल त्याने पूर्वीप्रमाणे तेवढ्याचीच पट्टी भरावी. ज्याचे आढळणार नाही, ते शिडाच्या सावलीवर जगते असे मानावे. आणि शिडाची सगळी सावली, रस्त्यावरचीसुद्धा, अशा दुकानांत वाटून लावावी. कंपनीने सावली दिली होती, घेणारे ते. गल्लीत एकाही दुकानाचे आच्छादन उघडे आढळले नव्हते.

ताईच्या वाट्याला आलेला आकडा तिच्या वर्षाच्या मिळकतीपेक्षा मोठा होता. ती तो आकडा नीट वाचता येत नसल्यासारखी चष्मा पुसून पुन्हा पाहत राहिली. पट्टी न भरल्यास दुकानाला टाळे आणि मग लिलाव. लिलावात पहिला हक्क गल्लीच्या पालकाचा, म्हणजे जो तिची देखभाल करतो त्याचा. शीड कोणाचे होते हे सांगायला नको.

भाऊ संध्याकाळी आला आणि उंबऱ्यातच उभा राहिला.

"दादा, तू का खोकलास?"

"अगं, का म्हणजे? नेहमी खोकतो." त्याचा चेहरा पांढरा पडला होता. "तुझ्यासाठीच तर खोकतो."

"तुला ठराव माहीत नव्हता?"

"मला कोण सांगतंय? मी फीत धरणारा माणूस. खरंच, शपथ घेऊन सांगतो..."

"शपथ घेऊ नकोस. बस. बसून घे आधी." तिने त्याला खुर्चीत बसवले, ज्या खुर्चीत ती गिऱ्हाइके बसवीत असे.

दुसऱ्या दिवशी त्याच खुर्चीत नगरसेवक बसले. त्यांची कवळी मेणावर तयार होती. तोंडात बसवून पाहायची होती. ताईने वरची ओळ बसवली, खालची बसवली, आणि म्हणाली, "आता बोलायचं नाही, काका. बोललात तर मेण हलेल, आणि मग तोंड वाकडं व्हायला मी जबाबदार नाही. नुसती मान हलवायची."

नगरसेवकांनी मान हलवली.

"तो शिडाचा ठराव. तुम्ही सभेला होतात?"

मान हलली.

"वाचला होतात?"

मान आधी एका बाजूला, मग दुसऱ्या बाजूला, मग आपण कोणत्या बाजूची आहोत हे न सुचल्यासारखी मधोमध थांबली.

"आमची गल्ली जाईल हे कळलं होतं?"

नगरसेवकांनी डोळे मिटले, आणि मान हलवली. खाली, वर. सावकाश.

ताईचे बोट त्यांच्या हनुवटीखाली होते, तेथेच राहिले. तिला वाटले होते की हा म्हातारा ओशाळेल, भडकेल, निदान गोंधळेल; ज्याचे दात आपण आपल्या हाताने एकेक करून लावले तो माणूस असे सरळ हो म्हणेल, हे तिच्या मनात आलेच नव्हते.

"हात वर केला होतात?"

आणि नगरसेवकांनी, बोलायची बंदी असल्याने, आपला उजवा हात वर करून दाखवला. सभागृहात करीत असत तसाच, कोपरातून किंचित वाकलेला, बराच काळ या कामाला लावलेला हात. तो वर असतानाच त्यांना आरशात आपले नवे दात दिसले, आणि ते चांगले बसले आहेत हे ध्यानात येऊन त्यांच्या चेहऱ्यावर समाधान पसरले.

ताईने दात काढून घेतले. तिने ते पाण्यात बुडवले.

"अगं, जेवणानंतरचा ठराव होता," नगरसेवक तोंड पुसत, ओठ आत ओढून म्हणाले. "सगळेच हात वर करत होते. पण इतकं मनाला लावून घेऊ नकोस. पुनर्मोजणी माग. नियम आहे. मी सही करतो हवं तर. त्या दिवशी ताडपत्र्या उघड्या ठेवायच्या, संपलं! तुम्ही त्या मिटताच कशाला, हेच मला कळत नाही."

"पट्टी वाचावी म्हणून, काका."

"बघ," नगरसेवक खेदाने म्हणाले, "करचुकवेगिरी शेवटी अंगाशी येते." आणि त्यांनी खरोखरच अर्जावर सही केली.

सद्भाव अधिकारी मुलीने अर्ज हसतमुखाने घेतला. अर्थातच पुनर्मोजणी होईल, हक्कच आहे तुमचा, मी स्वतः येते, म्हणाली. गल्लीत सभा भरली. सभेचा विषय एकच होता: दोरीला हात लावायचा नाही. सूर्य माथ्यावर येईल, मोजणीदार येईल, छायाचित्रवाला येईल, आणि प्रत्येक दुकानावर प्रत्येक ताडपत्री उघडी, ताणलेली, ढळढळीत दिसेल. मागणी रद्द होईल.

"मोजणीदार, तुमचं काय?" कुलूपवाल्याने विचारले. "तुम्ही खोकलात तर?"

"मी तोंडात लवंग ठेवणार आहे," भाऊ म्हणाला. "आणि श्वास नाकानं घेणार आहे. मेलो तरी खोकणार नाही."

"मरताना माणसं खोकतात," वस्तरा म्हणाला. "तेवढं सांभाळा."

त्या दुपारी गल्ली कधी नव्हती इतकी सजलेली दिसत होती. लाल, निळ्या, ठिगळे लावलेल्या ताडपत्र्या पांढऱ्या शिडाखाली एका रांगेत पसरल्या होत्या. मालक आपापल्या दारात उभे होते. कोणी हात खिशात घातले होते, वस्तऱ्याने पाठीमागे बांधले होते. ताईने मेणाचा एक गोळा हातात घेऊन तो मळायला सुरुवात केली होती, म्हणजे हाताला काम राहील. आपल्या हाताची तिला भीती नव्हती. तिला भीती शेजारच्या खुर्चीवाल्याची होती, तो विसराळू होता.

भाऊ कोपऱ्यावर आला. थांबला. भिंतीकडे तोंड करण्याच्या जागी त्याने मुद्दाम समोर पाहिले. त्याने लवंगेवर ओठ घट्ट मिटले होते आणि डोळ्यांत पाणी होते. गल्लीने श्वास रोखला. त्याने पहिले पाऊल टाकले, आणि खोकला आला नाही.

त्याच्या मागे छायाचित्रवाला होता. त्याच्या मागे ती मुलगी होती. तिने गल्लीभर प्रेमाने नजर फिरवली, पर्समधून हातरुमाल काढला, भिंतीकडे तोंड केले, आणि खोकली.

तो फार नाजूक खोकला होता. तरी जागा तीच होती, भिंत तीच होती, आणि मधला किंचित थांबादेखील तोच होता.

कुलूपवाल्याची ताडपत्री आधी गेली. त्या सर्रकन आवाजाने पुढची गेली, मग त्यापुढची. "अरे थांबा! कुत्र्यांनो, थांबा!" वस्तरा ओरडत होता, आणि ओरडता ओरडता त्याने बांधलेले हात सोडवले आणि दोरी ओढली, आणि आपल्याच हाताकडे तो असा पाहू लागला जणू तो दुसऱ्या कोणाच्या खांद्याला जोडलेला होता. छायाचित्रवाला चालता चालता छायाचित्रे घेत होता.

भावाच्या तोंडातून लवंग पडली.

"पोरी," तो म्हणाला, "हे तू कुठं शिकलीस?"

"तुमच्याकडूनच, काका." तिने रुमालाची घडी घातली. तिच्या आवाजात कुत्सितपणा नव्हता. कौतुक होते, शिकवणाऱ्याविषयी असावे तसे. "नाहीतर आम्ही तुम्हाला का ठेवलं असेल? फीत तर कोणीही धरतं."

भावाने बहिणीच्या दुकानाकडे पाहिले. पाहून त्याने दोन्ही हात डोक्याला लावले.

ताई दारात उभी होती. तिच्या पायाशी मेणाचा गोळा पडला होता आणि त्यावर तिच्या बोटांचे ठसे स्पष्ट उमटले होते. तिच्या उजव्या हातात दोरी होती. डोक्यावर, सासूच्या हातची ठिगळे असलेली ताडपत्री घट्ट, नीटनेटकी, पिढ्यांच्या सरावाने गुंडाळली गेली होती. आणि तिच्या जागी, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अखंड, शिडाची सावली तिच्या अंगावर आली होती. कंपनीच्या बाजूने एवढे म्हणायलाच हवे, की सावली फार गार होती.